मदत हवी आहे: बार्थेल (रोजची कामं स्वतः करण्याचं माप) १०० पैकी ९५, पण घरचे म्हणतात एकटं सोडता येत नाही

घाईत_ओटी: ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन झालेले ५२ वर्षांचे पेशंट, किराणा दुकान आहे. बार्थेल ९५. बायको म्हणते पाच मिनिटं एकटं सोडवत नाही. उद्या फॉलो-अप. दुसरं कुठलं स्केल लावू? लवकर सांगा.

तिरकस: गाठ कुठली, कुठल्या बाजूची? स्टेरॉइड चालू? फॉर्म बघून भरला की विचारून?

घाईत_ओटी: मेंदूचा उजवा पुढचा भाग (फ्रंटल), त्यामागच्या परायटलपर्यंत. डेक्सा (स्टेरॉइड) ४ मिग्रॅ दोनदा. पेशंटलाच विचारून भरला. जिन्याचे ५ गेले.

तिरकस: मग तो ९५ बाजूला ठेवा. उजव्या गाठीत आपल्याला काही जमत नाही याचीच अनेकदा जाणीव नसते. बार्थेलमध्ये 'करू शकतो' नाही, गेल्या एक-दोन दिवसांत 'केलं का' ते लिहायचं. कुणी नुसतं शेजारी उभं राहावं लागलं तरी स्वावलंबी धरत नाहीत. उजव्या गाठीत डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होऊ शकतं, म्हणून डाव्या गालाची दाढी राहिलीय का बघा. रोज कुणी पुरी करून देत असेल तर दाढी-केसांच्या बाबीचेही ५ गेले.

जुना_वॉर्ड: एवढा खटाटोप कशाला? कार्नोफ्स्की (एकूण कार्यक्षमतेचा १०० पैकी एकच आकडा) ७० लिहा, ट्यूमर बोर्ड (उपचार ठरवणारी डॉक्टरांची बैठक) तेच विचारतं.

तिरकस: ७० मध्ये लंगडत चालणाराही बसतो आणि गॅस चालू ठेवून विसरणाराही. शिवाय अधूनमधून मदत लागते म्हणजे ६०, ७० नव्हेच.

सरकारी_कागद: यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) काढा, बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा.

जुना_वॉर्ड: प्रमाणपत्र मागितलंय कुणी?

चहाचा_कप: बार्थेल १९६५ चं, त्यात दहा बाबी, सगळ्या शरीराच्या. पैसे, फोन, औषधं नाहीतच, म्हणून असे पेशंट पूर्ण गुणांजवळ जाऊन अडकतात. लॉटन (१९६९) लावा, त्यात पैसे-फोन-औषधांसारख्या आठ बाबी. मात्र स्वयंपाक, धुणं त्यांनी आधीही केलं नसेल तर शून्य देऊ नका, 'पूर्वीही करत नव्हते' असं वेगळं लिहा. पेशंटचा आणि बायकोचा फॉर्म वेगवेगळा, वेगवेगळ्या खोलीत भरा. दोन्हींतली तफावतच डॉक्टरांना दाखवायची.

मग डोळ्यांदेखत दोन कामं करून घ्या. चहा: पातेलं, पाणी, लायटर, दूध, गाळणी, आणि शेवटी बटण बंद. डावीकडची शेगडी पेटवायला सांगा. डाव्या बाजूचं दुर्लक्ष असेल तर तीच चालू राहते. फ्रंटलवाले अनेकदा सुरुवातच करत नाहीत, 'करतो' म्हणून बसून राहतात. म्हणून 'घ्या करायला' म्हटल्यावर दोन मिनिटं गप्प बसा, सगळी गंमत तिथेच कळते. दुसरं काम, सात दिवसांची गोळ्यांची डबी फिटच्या औषधासकट भरणं. प्रत्येक पायरीपुढे लिहा: आपणहून, एका सूचनेवर, पायरीपायरीने सांगून, हात धरून.

घाईत_ओटी: चहा ते घरी करत नाहीत, दुकानात बसतात.

चहाचा_कप: आधी का नाही सांगितलंत? मग तीन वस्तूंचं बिल करायला लावा, ५०० च्या नोटेचे सुटे परत द्यायचे. पुढच्या वेळीही तेच काम, त्याच वेळेला. थकवा दुपारी वाढतो, सकाळचा आकडा संध्याकाळच्याशी ताडू नका.

तिरकस: आणि जिन्याचे ५ गाठीच्या खात्यावर टाकण्याआधी हात न टेकता खुर्चीतून उठवून बघा. डेक्साने मांड्या ढिल्या पडतात. प्रत्येक आकड्यापुढे त्या दिवसाचा डोस लिहीत चला.