पेन्शन ३,१०० रुपये, हातात ४१ लाख. नुसत्या डिव्हिडंडवर घर चालेल का?

शिवणघर_नाशिक

नमस्कार. मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे या महिनाअखेरीला रिटायर होत आहेत. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ३३ वर्षं प्रेस शॉपवर काढली. वय ५८. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे मिळून ४१ लाख हातात येतील. ईपीएस पेन्शन महिना ३,१०० रुपये बसते, बस्स. घर स्वतःचं आहे, सिडकोत. मुलीचं लग्न झालंय, मुलगा यंदा नोकरीला लागला, पण त्याच्याकडे हात पसरायचा नाही असं यांचं म्हणणं आहे आणि माझंही तेच आहे. घरखर्च औषधपाण्यासकट २८,००० होतो. मी ब्लाउज शिवते, त्याचे तीन-चार हजार सुटतात.

माझा भाचा पुण्यात असतो, शेअर बाजारातलं त्याला कळतं. त्यानं दहा कंपन्यांची यादी करून दिली आहे. डिव्हिडंड म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरमागे वाटते तो पैसा, आणि यील्ड म्हणजे शेअरच्या भावावर तो किती टक्के पडतो ते, एवढं मला कळलं. सगळ्यांचा डिव्हिडंड यील्ड ७ टक्क्यांच्या वर, सरासरी ८. तो म्हणतो, "मामी, ४१ लाखांवर ८ टक्के म्हणजे वर्षाला ३ लाख २८ हजार, महिन्याला २७ हजार. मुद्दल शाबूत, वर शेअर वाढले तर तो फायदा वेगळा." शिवाय रेकॉर्ड डेटच्या (त्या तारखेला शेअर नावावर असेल त्यालाच डिव्हिडंड मिळतो) आधी शेअर घ्यायचे, डिव्हिडंड घेऊन विकायचे आणि पुढची कंपनी धरायची, असंही म्हणतो.

मुलगा भला आहे, त्याचा काही स्वार्थ नाही. पण हे पैसे परत कमावता येणार नाहीत. गेले दोन आठवडे मला नीट झोप नाही. कुणी स्वतः डिव्हिडंडवर घर चालवत असेल तर कृपया सांगा.

पुणे_एसआयपी

ताई, डिव्हिडंडच्या मागे लागूच नका. दोन चांगले म्युच्युअल फंड घ्या आणि एसडब्ल्यूपी लावा, म्हणजे फंडाची थोडी थोडी युनिट विकून दर महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात येईल. डिव्हिडंड हा तुमच्याच खिशातून काढून तुमच्याच हातात दिलेला पैसा असतो. म्हणूनच सेबीनं एप्रिल २०२१ पासून फंडांच्या डिव्हिडंड पर्यायाचं नाव बदलून आयडीसीडब्ल्यू केलं, त्यात 'भांडवल काढून घेणे' हे शब्द आले. आणि २०२० पासून डिव्हिडंडवर आपल्या स्लॅबनं कर लागतो. शेअर किंवा फंड वर्षभर ठेवून विकला तर १२.५ टक्के, तोही सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर.

मिरज_खतावणी

ताई, तुम्ही विचारल्याप्रमाणे मी स्वतःचं सांगतो. वय ६७, साखर कारखान्याच्या शेती खात्यात आयुष्य गेलं. पेन्शन तुमच्या ह्यांच्यापेक्षा कमी. २०१६ पासून डिव्हिडंडचे शेअर ठेवतो आणि प्रत्येक रुपया लाल खतावणीत लिहितो. आत्ता ती समोर घेऊनच बसलोय.

आधी यील्ड म्हणजे काय ते बघा. वर्षाचा डिव्हिडंड भागिले शेअरचा आजचा भाव. खाली भाव आहे. भाव पडला की काहीही न करता यील्ड फुगतो. आपण यादी मोठ्या आकड्यापासून लावतो, म्हणजे नकळत सगळ्यात जास्त पडलेले शेअर वर आणतो. बाजारानं ते का पाडले, हे यादी सांगत नाही.

कोल इंडियाचं पान उघडतो. २०१५-१६ साली त्यांनी शेअरमागे २७.४० रुपये दिले होते. ते बघून मी एप्रिल २०१६ मध्ये २८५ च्या आसपास २०० शेअर घेतले. साडेनऊ टक्के पडत होते, वर्षाला ५,४८० येणार असं धरून मी बायकोच्या गोळ्यांचा बराचसा खर्च त्यावर टाकला. पुढच्या वर्षी १९.९०. मग १६.५०. मग १३.१०. २०१९-२० ला १२ रुपये, म्हणजे माझ्या हातात २,४००. निम्म्याहून कमी. कंपनीनं काही लपवलं नव्हतं, फसवलं नव्हतं. मीच एका वर्षाचा आकडा कायमचा धरला.

आता नीट बघा. २०२० च्या दिवाळीच्या सुमाराला त्या शेअरचा भाव सव्वाशेच्या खाली आला. डिव्हिडंड १२ आणि भाव १२० धरला, तर यादीत यील्ड १० टक्के दिसणार! उत्पन्न निम्मं झालेलं आणि यादीत शेअर पहिल्यापेक्षा वर. त्या दिवशी मी यील्डच्या याद्या बघणं सोडलं.

शेअर मी विकले नाहीत. नंतर डिव्हिडंड सावरला, २४.२५, २५.५०, आणि २०२४-२५ ला २६.५०. नऊ वर्षांनी ५,३०० रुपये आले, म्हणजे जिथून निघालो तिथे पोचायलाही १८० कमी. दरम्यान त्याच गोळ्यांचं बिल महिना ६४० होतं ते १,१५० झालं.

त्याच्या शेजारचं पान हिंदुस्तान युनिलिव्हरचं आहे. तेव्हा भाव साडेआठशे-नऊशेच्या दरम्यान, डिव्हिडंड १६ रुपये, यील्ड दोन टक्केसुद्धा नाही. माझ्या साडूनं घेतले तेव्हा मला ते पटलं नव्हतं. २०१९-२० ला त्याला २५ मिळाले, २०२३-२४ ला ४२. त्यानं दिलेल्या किमतीवर ते पावणेपाच टक्क्यांच्या आसपास पडतात, आणि मुद्दल वाढलं ते वेगळं. म्हणून आता मी टक्के मागाहून बघतो. आधी दहा वर्षांचे शेअरमागचे रुपये एका ओळीत लिहून काढतो. ओळ चढती आहे का, मध्ये खड्डा आहे का, कोविडच्या वर्षी काय झालं.

दुसरी गोष्ट, पैसा कुठून दिला. आमच्याकडे उसाचं खोडवं घेतात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक. एकदा लावण केली की दुसऱ्या वर्षी बेण्याचा खर्च वाचतो, पैसे सुटतात. पण खत-पाणी न घालता खोडव्यावर खोडवं घेत गेलं की टनेज खाली येतं. नफ्यापेक्षा जास्त डिव्हिडंड वाटणारी कंपनी तसलीच. वर्षभराचा नफा शेअरमागे किती आणि वाटले किती, हे दोन आकडे शेजारी लिहा. शंभरातले चाळीस-साठ वाटत असेल तर मी पुढे वाचतो. शंभराचे एकशेवीस वाटले असतील तर ती साठवण मोडून दिलेली रक्कम आहे, पुढच्या वर्षी तेवढी येईलच असं नाही. वेदांताचे आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत: २०२२-२३ ला शेअरमागे १०१.५० रुपये दिले, भाव तीनशेच्या आसपास, म्हणजे यादीत तीस टक्क्यांच्या वर. पुढच्या वर्षी २९.५०. प्रवर्तकांच्या परदेशी कंपनीवर कर्ज होतं आणि तिला पैसा हवा होता, हे तेव्हा रोज पेपरात येत होतं.

तुमच्या भाच्याच्या यादीत सरकारी कंपन्या किती आहेत ते मोजा. माझा अंदाज, अर्ध्याच्या वर. सरकारलाही अर्थसंकल्पासाठी पैसा लागतो. नोव्हेंबर २०२४ च्या नियमाप्रमाणे सरकारी कंपनीनं निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या ४ टक्के, जे जास्त असेल तितका डिव्हिडंड द्यायचा असतो. ते आपल्या सोयीचं आहे, पण कोळसा, तेल, वीज एवढ्यातच सगळे पैसे म्हणजे एका विहिरीवर सगळं रान. बँकांचंही तसंच, तिथे वर रिझर्व्ह बँक आहे. १७ एप्रिल २०२० ला तिनं सांगितलं की २०१९-२० च्या नफ्यातून आणखी डिव्हिडंड द्यायचा नाही, की झालं, सगळ्या बँकांचा थांबला. नफा असूनही. डिव्हिडंड मागायचा आपल्याला हक्क नाही, ताई. एफडीचं व्याज आणि डिव्हिडंड यांत हाच मोठा फरक.

रेकॉर्ड डेटचं तर करूच नका. डिव्हिडंड दहा रुपये असला तर त्या दिवशी भाव साधारण तेवढा उतरूनच उघडतो. दहा आले, दहा गेले, आणि येण्याजाण्याची दलाली तुमच्या डोक्यावर.

आता घर कसं चालवायचं. मी असतो तर ४१ पैकी ३० लाख पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले असते. २०२५-२६ ला ८.२ टक्के दर आहे, खातं उघडताना असेल तोच दर पाच वर्षं. वर्षाला २ लाख ४६ हजार, तिमाहीला ६१,५०० हातात, म्हणजे महिना २०,५००. त्यात पेन्शन घाला, २३,६००. तुमचं शिवण धरलं की २७,००० च्या आसपास. घर इथेच जवळपास चाललं, एकही शेअर न घेता! तीन लाख दवाखान्यासाठी एफडीत. उरले आठ. ते शेअरमध्ये घाला, पण एकदम नको, दोन वर्षांत थोडे थोडे. त्यावर तीन-साडेतीन टक्के आले तर वर्षाला २४ ते २८ हजार. आज ते कमी वाटतील. पण पोस्टाचं व्याज पाच वर्षं एक रुपयानं वाढणार नाही आणि किराणा वाढत जाणार, ती वाढ पेलायला हे आठ लाख आहेत.

शिवणघर_नाशिक

दादा, दोनदा वाचलं, मग यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पण ती योजना ६० वर्षांनंतरची ना? हे ५८ चे आहेत. आणि डिव्हिडंड वर्षातून कधीही येणार, तो महिन्याच्या खर्चात कसा बसवायचा?

ठाणे_कागदपत्रं

५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांना ती चालते. अट अशी की निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं, आणि त्या रकमेपेक्षा जास्त टाकता येत नाही. आधी मुदत एकच महिना होती, २०२३ च्या नोव्हेंबरात वाढवली. कंपनीकडून निवृत्तीचा दाखला घ्या, त्यात कशामुळे निवृत्त झाले, किती वर्षं नोकरी आणि किती रक्कम मिळाली हे असायला हवं. साहेबांची बदली व्हायच्या आत, शेवटच्या आठवड्यातच मागा.

कर: २०२५-२६ ला नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे डिव्हिडंडवर स्लॅबनं कर लागतो ही भीती तुम्हाला नाही. मात्र एका कंपनीचा डिव्हिडंड वर्षात १०,००० च्या पुढे गेला तर १० टक्के टीडीएस कापतात. तो कापू नये म्हणून २०२५-२६ ला ६० च्या आत १५जी, नंतर १५एच फॉर्म द्यायचा असतो. कापला गेलाच तर रिटर्न भरून परत मिळतो, सोडू नका.

आणि डीमॅटला, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्याला, नॉमिनी लावा. माझ्या सासऱ्यांचे कागदी शेअर होते. बँक खातं बदललं, कळवायचं राहून गेलं, डिव्हिडंड सात वर्षं कुणी उचलला नाही. मग रक्कमही आयईपीएफकडे, म्हणजे न उचललेल्या पैशांच्या सरकारी निधीकडे गेली आणि मागोमाग शेअरही. आयईपीएफ-५ फॉर्म, वारसाची कागदपत्रं, प्रतिज्ञापत्र, दीड वर्ष झालं, अजून चालू आहे. सासूबाई रोज विचारतात.

पुणे_एसआयपी

मिरजकर काका, ३० लाख सुरक्षित ठेवायचं पटलं. पण आठ लाखांसाठी तरी फंड सोपा नाही का? दहा वर्षांचे आकडे लिहीत कोण बसणार?

मिरज_खतावणी

ज्याला लिहायचं नाही त्यानं फंडच घ्यावा, अगदी मनापासून सांगतो. एसडब्ल्यूपीत मात्र एक लक्षात ठेवा, बाजार पडलेला असताना तेवढ्याच रुपयांसाठी जास्त युनिट विकावी लागतात. मला २०२० साली शेअर विकावा लागला नाही, याचं मोल मी जाणतो.

ताई, महिन्याचा प्रश्न. आमच्याकडे उसाचं बिल वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येतं. पहिला हप्ता बरा, पुढचा कधी आणि किती ते कारखान्यावर. डिव्हिडंडचं अगदी तसंच, एक अंतरिम, एक अंतिम, आणि बहुतेकांचा जुलै ते सप्टेंबर. शहाणं घर आलेलं बिल त्याच महिन्यात उडवत नाही. मी वेगळं बचत खातं ठेवलंय, डीमॅटला तेच जोडलेलं. यंदाचे सगळे डिव्हिडंड त्यात पडून राहतात. ३१ मार्चला बेरीज करतो, बाराने भागतो, आणि पुढच्या वर्षी महिन्याला तेवढेच काढतो. म्हणजे खर्च नेहमी गेल्या वर्षीच्या आलेल्या पैशावर, येणाऱ्या पैशावर कधीच नाही. पहिलं एक वर्ष त्यातलं काही मिळत नाही, ते व्याज, पेन्शन आणि तुमचं शिवण यांवरच काढायचं.

पोस्टाचं तिमाही व्याज मात्र वेळेवर काढत जा, तिथे पडून राहिलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही.

शिवणघर_नाशिक

भाच्याशी काल फोनवर बोलले. त्याला राग येईल वाटलं होतं. त्यानं यादी पुन्हा काढली आणि दहाही कंपन्यांच्या दहा वर्षांच्या ओळी लिहून पाठवल्या. सहा सरकारी निघाल्या. तिघींच्या ओळीत मध्येच शून्य आहे. तो म्हणाला, "मामी, मी फक्त शेवटचा रकाना बघत होतो."

यांनी दाखल्यासाठी एचआरला अर्ज दिला. दादा, अजून एकच. पोस्टातलं खातं यांच्या एकट्याच्या नावानं की दोघांच्या? आणि तुमच्या खतावणीत रकाने कसे पाडले आहेत? दुकानातून लाल वही आणली आहे.

मिरज_खतावणी

दोघांच्या नावानं काढा. त्या योजनेत जोडीदारासोबतच जोडखातं निघतं, जोडीदाराला वयाची अट नाही. पहिलं नाव ह्यांचं.

रकाने सहा: तारीख, कंपनी, किती शेअर, शेअरमागे रुपये, खात्यात प्रत्यक्ष जमा, कापलेला टीडीएस. एका कंपनीला एक पूर्ण पान द्या, दहा-पंधरा वर्षं पुरतं. पानाच्या माथ्यावर खरेदीची तारीख, भाव आणि का घेतला ते एका ओळीत, पेननं. ती ओळ नंतर खोडायची नाही. माझ्या कोल इंडियाच्या पानावर अजून लिहिलेलं आहे: "९.५ टक्के मिळतात म्हणून."