काउंटी लेजिस्लेटरचं बजेटपत्र कसं वाचायचं? (न्यूयॉर्क राज्य)

हडसनकाठ:

घर न्यूयॉर्क राज्यात आहे, शहराबाहेरच्या एका काउंटीत. आमच्या भागाच्या काउंटी लेजिस्लेटरचं, म्हणजे काउंटीच्या सभेतल्या निवडून आलेल्या प्रतिनिधीचं, पुढच्या वर्षीच्या बजेटबद्दल पत्र आलंय. आकडे गोल करून मुद्दे देतो. प्रॉपर्टी टॅक्सची लेव्ही ५ कोटी डॉलरवरून ५ कोटी ९ लाख ५० हजारांवर, म्हणजे १.९ टक्के वाढ, 'टॅक्स कॅपच्या (करवाढीवरच्या मर्यादेच्या) आत'. तूट भरायला फंड बॅलन्समधून, म्हणजे साठलेल्या शिलकीतून, ४० लाख. सोशल सर्व्हिसेसमधली १२ रिकामी पदं रद्द. आणि शेवटी, 'खर्चाचा मोठा भाग राज्याने लादलेल्या योजनांचा असल्याने आमचे हात बांधलेले आहेत,' असं म्हटलंय.

गेल्या वर्षीही पत्रात 'कॅपच्या आत' असंच होतं. जानेवारीच्या बिलात मात्र काउंटीची ओळ १० टक्क्यांनी वाढून आली. घरात एक वीटही नवीन लावलेली नाही, असेसमेंट (करासाठी ठरवलेली घराची किंमत) तेच आहे. हे कसं होतं? पत्रातल्या बाकीच्या मुद्द्यांवर काय विचारायला हवं? पब्लिक हिअरिंग पुढच्या आठवड्यात आहे.

खतावणी:

लेव्ही म्हणजे सगळ्या काउंटीतून मिळून गोळा करायची एकूण रक्कम. तुमचं बिल म्हणजे त्यातला तुमच्या टाउनचा वाटा आणि टाउनच्या वाट्यातला तुमच्या घराचा वाटा. लेजिस्लेटर पहिल्या आकड्याबद्दल बोलतात, तुम्ही तिसऱ्या. मधला दुवा पत्रात जवळजवळ कधीच नसतो, आणि घोळ नेमका तिथे होतो.

न्यूयॉर्कमध्ये बहुतेक काउंट्यांत प्रत्येक टाउन आपापल्या पातळीवर असेसमेंट करतं. कुठे बाजारभावाच्या १०० टक्के, कुठे ८०, काही ठिकाणी त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे काउंटीचा कर टाउनांमध्ये वाटण्याआधी राज्याच्या इक्वलायझेशन रेटने सगळ्यांची किंमत पूर्ण बाजारभावावर आणतात: टाउनचं एकूण असेसमेंट भागिले रेट.

तुमच्या लेव्हीचेच आकडे घेऊन दोनच टाउनांची काउंटी समजा. 'अ' टाउन १०० टक्क्यांवर, बाजारभाव ६०० कोटी डॉलर. 'ब' टाउनचं असेसमेंट ३२० कोटी, रेट ८० टक्के, म्हणून बाजारभाव ४०० कोटी. ५ कोटींच्या लेव्हीत 'अ' ३ कोटी देतं, 'ब' २ कोटी. आता 'ब'मध्ये घरांचे भाव वाढले, पण टाउनने फेरमूल्यांकन केलं नाही. असेसमेंट ३२० कोटीच राहिलं, राज्याने रेट ७० टक्क्यांवर आणला. ३२० भागिले ०.७० म्हणजे ४५७ कोटी. 'ब'चा हिस्सा ४० टक्क्यांवरून ४३.२ टक्क्यांवर गेला. लेव्ही १.९ टक्केच वाढली, पण 'ब'च्या माथी २ कोटींऐवजी २ कोटी २० लाख आले: १०.२ टक्के वाढ. 'अ'चा भार त्याच वर्षी ३.६ टक्क्यांनी उतरला. 'ब'मध्ये ३ लाख २० हजार असेसमेंटचं घर असेल तर काउंटीचा कर २,००० वरून सुमारे २,२०३ डॉलर. घरात काही बदललेलं नाही.

तुमच्या टाउनचे गेल्या दोन वर्षांचे इक्वलायझेशन रेट राज्याच्या कर विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. रेट घसरला असेल तर उत्तर मिळालं. घसरला नसेल तर बिलाच्या ओळी तपासा: त्याच कागदावर टाउनचा कर, फायर डिस्ट्रिक्ट, दिवाबत्ती, सांडपाणी हेही येतं. शाळेचा थकलेला कर किंवा पाणीपट्टीची बाकीसुद्धा दंडासह या बिलात चढते. तुम्ही काउंटीची ओळ म्हणताय म्हणजे बहुधा रेटच.

आता 'कॅपच्या आत'. हा कायदा २०११चा, २०१२च्या बजेटांपासून लागू आणि २०१९मध्ये कायम झाला. सगळे '२ टक्क्यांची कॅप' म्हणतात, पण २ टक्के किंवा महागाईचा दर यातला कमी आकडा हा सूत्राचा एक भाग आहे. गेल्या वर्षीची लेव्ही, गुणिले नव्या बांधकामामुळे आलेली वाढ, अधिक करमाफी मिळालेल्या प्रकल्पांकडून कराऐवजी येणारी रक्कम (बजेटमध्ये 'पायलट' लिहितात), या बेरजेला त्या कमी आकड्याप्रमाणे (२ टक्के असेल तर १.०२ ने) गुणायचं. मग येत्या वर्षीचा पायलट वजा करायचा आणि गेल्या वर्षी न वापरलेली मर्यादा मिळवायची, ती जास्तीत जास्त १.५ टक्के. समजा नव्या बांधकामाची वाढ ०.८ टक्के (म्हणजे गुणिले १.००८), पायलट गेल्या वर्षी १० लाख, येत्या वर्षी १२ लाख, न वापरलेली मर्यादा ३ लाख. ५ कोटींवर मर्यादा निघते ५ कोटी १५ लाख २८ हजार. म्हणजे ३ टक्क्यांहून थोडी जास्त वाढही 'कॅपच्या आत'च. यात मोठे कोर्टनिवाडे आणि पेन्शनदरातली मोठी उसळी यांना वेगळी सूट आहे.

लेजिस्लेटरना विचारा: राज्याच्या कंट्रोलरकडे (सरकारी हिशेबांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) भरलेल्या कॅपच्या फॉर्मप्रमाणे आपली मर्यादा किती आली? हा फॉर्म बजेट मंजूर होण्याआधी भरावाच लागतो, त्यामुळे आकडा तयार असणारच. वरच्या उदाहरणात काउंटीने ५,७८,००० डॉलरची मर्यादा सोडली, आणि ती पुढच्या वर्षी वापरता येते. यंदाची कमी वाढ पुढच्या वर्षी जास्त वाढीला जागा करून ठेवते. हे पत्रात लिहायलाच हवं होतं.

जमाखर्च:

खतावणींनी लेव्हीचं सांगितलं, मी खर्चाच्या बाजूचं सांगतो.

फंड बॅलन्समधून ४० लाख. हा आकडा एकटा निरर्थक आहे. गेल्या तीन वर्षांत बजेटमध्ये किती धरले होते आणि वर्षअखेर प्रत्यक्षात किती वापरले गेले, ते मागा. बऱ्याच काउंट्या दर वर्षी मोठी रक्कम धरतात, पण भरती न झालेल्या पदांचे पगार उरतात, विक्रीकर अंदाजापेक्षा जास्त येतो, आणि शेवटी त्या रकमेला हातही लागत नाही. तसं असेल तर ४० लाख ही कागदी तरतूद आहे. पण तीनही वर्षं पैसे खरोखर गेले असतील तर काउंटी साठ्यावर जगतेय आणि तो संपला की लेव्हीत उडी येणार. 'अनअसाइन्ड' फंड बॅलन्स हाच मोकळा पैसा; 'रिस्ट्रिक्टेड' आणि 'असाइन्ड' ठरलेल्या कामाचे. सरकारी वित्ताधिकाऱ्यांच्या संघटनेची शिफारस 'रिस्ट्रिक्टेड' नसलेला साठा निदान दोन महिन्यांच्या खर्चाइतका ठेवण्याची आहे. तुमच्या काउंटीचे आकडे कंट्रोलरच्या 'ओपन बुक न्यूयॉर्क'वर मिळतील. आर्थिक ताणाचा गुणांकही तिथलंच कार्यालय दर वर्षी काढतं.

याच्याशी जोडलेला प्रश्न: कोविडकाळातल्या फेडरल मदतीतून पगार दिलेली पदं अजून आहेत का? ते पैसे कशावर खर्च होणार ते ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत करारांनी बांधून टाकायचं होतं आणि खर्चाची मुदत ३१ डिसेंबर २०२६. एकदाच आलेल्या पैशावर कायमची पदं उभी केली की दोन-तीन वर्षांनी नेमकी अशी तूट दिसते.

१२ रिकामी पदं. 'वाचले किती?' एवढंच विचारू नका, 'काउंटीचे निव्वळ किती वाचले?' असं विचारा. सोशल सर्व्हिसेसच्या पदांचा बराच खर्च फेडरल आणि राज्य सरकार परत देतं. स्नॅप, म्हणजे अन्नमदत, याच्या प्रशासकीय खर्चाचा अर्धा भाग आज फेडरल सरकार देतं. पगार आणि भत्ते धरून ९०,००० डॉलरचं पद रद्द केलं तर काउंटीचे फार तर ४५,००० वाचतात. पत्रात मात्र ९०,००० लिहिलेले असतात. २०२५च्या जुलैत झालेल्या फेडरल कायद्याने हा वाटा १ ऑक्टोबर २०२६ पासून २५ टक्क्यांवर येतोय, तेव्हा उरलेल्या भाराची तरतूद पुढच्या बजेटमध्ये कुठे आहे तेही विचारा. कामाचं काय? स्नॅपच्या अर्जावर ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पद रिकामं असलं तरी अर्ज थांबत नाहीत. उरलेल्यांच्या ओव्हरटाइमच्या ओळीत तो खर्च परत उगवतो. तुरुंगात तर हे हमखास होतं, कारण तिथे कमीत कमी किती माणसं हवीत ते राज्याचा आयोग ठरवतो.

'हात बांधलेले आहेत' हे बरंचसं खरं आहे, आणि त्याबद्दल लेजिस्लेटरवर राग काढू नये. सेफ्टी नेट, म्हणजे गरजूंना द्यायच्या राज्याच्या मदतीचा ७१ टक्के भार काउंटीवर आहे, राज्याचा फक्त २९. शाळापूर्व विशेष शिक्षणात राज्य ५९.५ टक्के परत देतं, ४०.५ काउंटीचे, आणि दर राज्यच ठरवतं. मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) काउंटीचा वाटा २०१५ पासून गोठवलेला आहे, म्हणून तो मोठा असला तरी वाढीचं कारण म्हणून तो पुढे केला तर हरकत घ्या. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेचा बहुतेक पैसा राज्याच्या अनुदानातून येतो, स्वतःचा सेस त्यात थोडा. इथे काउंटी स्वतः कर गोळा करून राज्याची कामं पार पाडते.

पण शेरीफची रस्त्यावरची गस्त, उद्यानं, कम्युनिटी कॉलेज आणि ग्रंथालयांना जादा मदत, संस्थांशी केलेले करार, हे लेजिस्लेचरच्या हातात आहे. तुरुंग चालवणं बंधनकारक, गस्त नाही. बंधनकारक खर्च वगळून किती लेव्ही उरते आणि ती कुठे जाते, एवढा एक तक्ता मागितलात तरी चर्चा जमिनीवर येईल.

हडसनकाठ:

रेट पाहिला. ८८ वरून ८१. म्हणजे तेच. आणखी दोन शंका: माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मतदान नाही. हिअरिंगला बोलता येतं का? आणि तिथे हे सगळं विचारलं तर उत्तरं मिळतात का?

चावडीवाचन:

बोलता येतं. हिअरिंग सगळ्यांसाठी खुलं असतं, नागरिकत्व कुणी विचारत नाही. नाव आणि टाउन सहसा विचारतात, वेळ साधारण तीन मिनिटं. इंग्रजीत बोलायचा संकोच असेल तर लेखी निवेदन क्लर्कच्या कार्यालयात द्या, तेही नोंदीत येतं.

उत्तरं मात्र हिअरिंगमध्ये मिळत नाहीत. लेजिस्लेटर ऐकून घेतात, बस. प्रश्न विचारायची जागा म्हणजे समित्यांच्या बैठका, जिथे विभागप्रमुख आपापलं बजेट मांडतात. त्या बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. तुमच्याकडे झाल्या असतील, तर आजच लेजिस्लेटरना ईमेल करा आणि हिअरिंगला फक्त मागणी मांडा.

मागणी करताना ओळ सांगा. 'रस्त्यांना पैसे द्या' याचं पुढे काही होत नाही. 'डी ५११०, रस्ते देखभाल, कंत्राटी खर्चात अमुक इतके वाढवा आणि ते तमुक ओळीतून घ्या' याची दुरुस्ती होऊ शकते. राज्याच्या पद्धतीत पहिलं अक्षर फंड (ए म्हणजे जनरल, डी रस्ते), मग कामाचा आकडा (३११० शेरीफ, ३१५० तुरुंग, ६०१० सोशल सर्व्हिसेस प्रशासन), मग दशांशानंतर प्रकार: .१ पगार, .२ उपकरणं, .४ कंत्राटी, .८ भत्ते. बऱ्याच काउंट्यांच्या बजेटमध्ये हेच आकडे दिसतील. पैसे कुठून घ्यायचे ते सांगितलं नाही तर दुरुस्ती मांडणाऱ्या लेजिस्लेटरला ते शोधावे लागतात, आणि डिसेंबरात तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

तारखा: चार्टर (काउंटीची स्वतःची घटना) नसलेल्या काउंटीत प्राथमिक बजेट १५ नोव्हेंबरपर्यंत दाखल होतं, मंजुरी २० डिसेंबरपर्यंत. त्या तारखेपर्यंत मतदान झालं नाही तर तेच बजेट, झालेल्या बदलांसह, लागू होतं. चार्टर असलेल्या काउंटीच्या तारखा आणि व्हेटोचे नियम वेगळे, ते तिच्या चार्टरमध्ये पाहा. कॅप ओलांडायची असेल तर वेगळा स्थानिक कायदा लागतो, त्याचं हिअरिंगही वेगळं, आणि एकूण मतशक्तीच्या ६० टक्के मतं हवीत. काही काउंट्या असा कायदा खबरदारी म्हणून आधीच करून ठेवतात, म्हणून त्याची नोटीस दिसली की लगेच करवाढ ठरली असं समजू नका.

बैठकीत चर्चेला येणारी कागदपत्रं शक्य तिथे निदान २४ तास आधी संकेतस्थळावर टाकायची असतात. नसतील तर क्लर्कला विचारा. तरीही मिळाली नाहीत तर माहिती कायद्याखाली अर्ज करा. पाच कामकाजाच्या दिवसांत प्रतिसाद द्यावा लागतो.

खतावणी:

८८ वरून ८१ म्हणजे सगळ्या टाउनमधल्या सरासरी भावांची वाढ. तुमचं घर त्या सरासरीहून कमी वाढलं असेल तर तुम्ही शेजाऱ्यांचा भार उचलताय, आणि हे काउंटीकडे नाही, टाउनच्या असेसरकडे मांडायचं. असेसमेंट भागिले ०.८१ करा. येणाऱ्या किमतीला घर विकलं जाणार नाही असं वाटत असेल तर दावा आहे. बहुतेक टाउनांत प्राथमिक यादी १ मेला येते, असेसमेंटवर हरकत मांडायचा दिवस, 'ग्रीव्हन्स डे', मेचा चौथा मंगळवार, फॉर्म आरपी-५२४. वेस्टचेस्टरसारख्या काही ठिकाणी तारखा वेगळ्या आहेत. जवळच्या तीन-चार तशाच घरांच्या अलीकडच्या विक्रीकिमती सोबत जोडा. 'कर परवडत नाही' हे कारण हरकती ऐकणारं टाउनचं मंडळ विचारात घेत नाही. तिथे नाकारलं तर अंतिम यादी दाखल झाल्यापासून ३० दिवसांत स्मॉल क्लेम्समध्ये (असेसमेंटच्या छोट्या दाव्यांच्या सुनावणीत) जाता येतं, शुल्क ३० डॉलर, वकील लागत नाही.

आणि स्टार, म्हणजे घरमालकांना मिळणारी राज्याची करसवलत, काउंटीच्या ओळीत शोधू नका, ती फक्त शाळेच्या कराला आहे.