चोरबाजारातली फ्रेंच बरणी: लोणचं घालू का?

मटण स्ट्रीटवरून दोन कानांची मातीची बरणी आणली. दुकानदार म्हणतो, फ्रान्सची. बाहेरून वर पिवळी झिलई, खालचा अर्धा भाग कोराच! अर्धवट माल गळ्यात मारला का? आईचा कैरीच्या लोणच्यासाठी तिच्यावर डोळा आहे.

दादरकर: अर्धवट नाही हो. नैऋत्य फ्रान्समध्ये बदकाचं मांस त्याच्याच चरबीत शिजवून अशा बरण्यांत साठवायचे. बरणी थंडाव्यासाठी तळघरात अर्धी पुरायची. पुरलेल्या भागाला झिलई कशाला?

मातीवेडी: लोणचं अजिबात नको! जुन्या झिलईत शिसं असतं, कैरीच्या आंबटपणाने ते उतरतं. काकूंना चिनी मातीचीच द्या.

मूळ प्रश्नकर्ता: ‘बदक’ ऐकताच आईने ती देव्हाऱ्यापासून लांब, दाराशी ठेवली. आता तीत छत्र्या आहेत.