उन्हाळ्यात सॅंटोरिनी : मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर

ग्रीसच्या सॅंटोरिनी बेटावर सूर्यास्ताचे फोटो सोडले तर मुलांना आणि आजी-आजोबांना दाखवण्यासारखं काय, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सरळ अक्रोतिरीला. साडेतीन हजार वर्षांहून जुनं हे गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणूनच टिकलं. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गेलेली गटारं, वरच्या मजल्यावरचा संडास (मुलांचा सगळा रस यातच!), जागच्या जागी उभे असलेले मोठमोठे रांजण. असंच राखेखाली गाडलं गेलेल्या इटलीतल्या पाँपेईसारखे सांगाडे मात्र इथे सापडले नाहीत. लोक आधीच निघून गेले असावेत. सगळ्या उत्खननावर छप्पर आहे, त्यामुळे वयस्करांना ऊन लागत नाही.

नंतर ‘फिरा’ नावाच्या मुख्य गावातल्या प्रागैतिहासिक संग्रहालयात निळ्या माकडांचं भित्तिचित्र जरूर बघा. २०१९मध्ये काही संशोधकांनी ती आपल्याकडची वानरं असल्याचं मांडलं. शेपटी वर वळवून धरायची लकब बघितली की पटतं.

मिकोनोस बेटावरही जाणार असाल तर तिथून बोटीने डेलॉस बेट बघून होतं, जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. पुराणकथेनुसार हे ग्रीक देव अपोलोचं जन्मस्थान. ते पवित्र राहावं म्हणून इ.स.पू. ४२६मध्ये अथेन्सकरांनी तिथली थडगी उकरून हलवली आणि पुढे बेटावर जन्म-मृत्यू दोन्हींना बंदी! आजही पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. पण सावली जवळजवळ नाहीच, वाट खडबडीत. गुडघे दुखणाऱ्यांनी मिकोनोसलाच कॉफी घेत बसावं. इतरांनी पहिली बोट धरावी, आणि वारा फार असला तर बोटी रद्द होतात म्हणून डेलॉस शेवटच्या दिवसावर ठेवू नका.