घरी बांधायची स्पोर्ट्स कार: मार्गदर्शन कोणाचं धरायचं? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

बांदोड्याची शेड
माझं मत आधी मांडतो. गोव्यात घरच्या शेडमध्ये दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार बांधता येते, आणि तिच्यासाठी भरवशाचं मार्गदर्शन परदेशातून आणायची गरज नाही. ते फोंड्यापासून तासाभराच्या अंतरात आहे.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये इंग्लंडात लोटस सेव्हन आणली. सुटे भाग घेऊन घरी जोडली की खरेदीकर वाचायचा, म्हणून ती किट म्हणून खपली. १९७३ पासून तिचे हक्क केटरहॅमकडे आहेत आणि ते आजही किट देतात. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाने त्याहून स्वस्त मार्ग छापून दिला: एक इंची चौकोनी पाईपची चासी (म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा) आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल. लोक तिला लोकॉस्ट म्हणतात.

आपल्याकडे एस्कॉर्टच्या जागी मारुती ओम्नी धरली आहे. ७९६ सीसी, पस्तीसच्या आसपास हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना, आणि पार्ट्स म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठेही मिळतात. पाचशे-साडेपाचशे किलोच्या गाडीला माझ्या मते पुरे.

आता माणसं. डिचोली-उसगावात खाणींच्या टिपरवर आयुष्य घालवलेले वेल्डर आहेत. शिगम्याच्या चित्ररथांचे सांगाडे उभे करणारे फॅब्रिकेशनवाले आहेत. फायबरच्या होड्या बनवणारे रापणकारांच्या वस्तीजवळच सापडतात; मॅट, रेझिन, जेलकोट यांत त्यांचा हात बसलेला आहे. आणि सॅन स्टॉर्म आठवते का? नव्वदच्या दशकाच्या शेवटी फायबरग्लास बॉडीची, रेनोच्या १.२ लिटर इंजिनाची ती दोन सीटची गाडी गोव्यातच बनत होती.

ज्याने हाताने काम केलंय त्याचा सल्ला व्हिडिओ बघून बोलणाऱ्यापेक्षा मोठा, असं मी मानतो. तुम्हाला पटत नसेल तर कारण सांगा.

पणजी ०७
पटत नाही. तुमच्या यादीत वाहतूक खात्याचं नावच नाही.

नवीन गाडीची नोंदणी करायला फॉर्म २० भरता. त्याला जोडून फॉर्म २१ लागतो, म्हणजे विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२, म्हणजे गाडी प्रदूषणाच्या व सुरक्षेच्या नियमांत बसते असं उत्पादकाने लिहून दिलेलं. तुम्हाला हे दोन कागद कोण देणार? उत्पादकाला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावी लागते. इंग्लंडात एकट्या माणसाने बांधलेली एकच गाडी तपासून रस्त्यावर सोडायची सोय आहे. म्हणून तिथे हा छंद वाढला. आपल्याकडे घरच्या गाडीसाठी तशी वाट नाही. सॅन स्टॉर्म असो की अलिबागजवळ बनलेली सेव्हनच्या धर्तीची चिंकारा रोडस्टर, त्या कंपनीच्या गाड्या होत्या.

ओम्नीचं आरसी वापरू, असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे परत जाऊ नका. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यापेक्षा एखादी प्रीमियर पद्मिनी घ्या आणि शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडून नीट करा. हात तेवढेच काळे होतील आणि रविवारी मिरामारला नेता येईल.

बांदोड्याची शेड
तुम्ही म्हणता तसा सल्ला मला खरंच मिळाला. एका एजंटने सांगितलं, "ओम्नीचा चासी नंबर असलेला पत्रा कापून तुझ्या पाईपवर वेल्ड कर, कोण बघतो?" मी त्या रात्री झोपलो नाही. पंधरा मिनिटांपूर्वी त्याच माणसाला मी जाणकार समजत होतो.

म्हणून ठरवलं आहे, ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर येणार नाही. मामांच्या बागायतीतला आतला रस्ता आहे, फाटकाच्या आत. पुढे ट्रेलरवर चढवून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर. ओम्नी उघडल्यावर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत कळवून तिची नोंदणी रद्द करून घेईन. पद्मिनी सुंदरच आहे, पण मला चासी बांधायची आहे.

टिपरची चाकं
बाब, तुम्ही आमचं कौतुक केलंत, बरं वाटलं. पण तुमची मोठी चूक तिथेच आहे.

मी बावीस वर्षं टिपरच्या बॉडीवर काम केलं. आठ-दहा मिलिमीटरची प्लेट, जाड रॉड, भरपूर करंट. तुमचा पाईप १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर. त्याच सवयीने रॉड लावला तर भोक पडतं. भोक पडेल या भीतीने करंट कमी केला तर वरून छान लहर दिसते आणि आत काहीच धरलेलं नसतं. ग्राइंडर मारून रंग दिला की माझ्यासारख्यालाही ओळखू येत नाही. चित्ररथाचा सांगाडा चार संध्याकाळी रांगत चालतो, त्याचा दाखला गाडीला देऊ नका.

हे काम सीओटू वेल्डिंगने करा, म्हणजे रॉडऐवजी गॅसच्या आडोशात बारीक तारेने. आणि वेल्डर कितीही नावाजलेला असो, आधी त्याच्याकडून तुमच्याच पाईपचे चार तुकडे टी आकारात जोडून घ्या. एक मधोमध कापून बघा, वितळ आत गेली का. बाकीचे व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा. पाईप वाकला, फाटला तर चालेल. जोड सुटला तर त्या माणसाला नमस्कार करून दुसरा शोधा. मी केलेला तुकडा सुटला तर मलाही.

लाल माती, डिचोली
माझ्या परसात एक अर्धी चासी नऊ वर्षं पडून आहे, त्या अनुभवाने लिहितो. माणसांकडून मार्गदर्शन घ्या, या म्हणण्याला माझा पूर्ण विरोध आहे.

माझ्याकडे तीन जाणकार होते. पहिला म्हणाला व्हीलबेस वाढव. दुसरा म्हणाला इंजिन खाली घे. तिसऱ्याने मागच्या अ‍ॅक्सलच्या कमानी (पट्ट्यांच्या स्प्रिंग) काढून कॉइल स्प्रिंग लावायला सांगितलं. तिघेही चांगले कारागीर, तिघांचंही सुटं सुटं बरोबर. एकत्र केल्यावर मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला दोन सीटमधल्या बोगद्यात जागा उरली नाही. टॅक (आधीचे छोटे ठिपक्यांचे जोड) न मारता एक बाजू पूर्ण वेल्ड करून टाकली, तर चासीचे दोन कर्ण ११ मिलिमीटरने वेगळे आले. त्यात प्रायमर न लावता पावसाळा गेला. आपल्या खाऱ्या हवेत उघडा पाईप चवथीपर्यंतसुद्धा टिकत नाही.

छापील आराखडा मत बदलत नाही. लोकॉस्टच्या मूळ मापांत चुका होत्या हे खरं, पण शेकडो लोकांनी त्या बांधल्या, चुका सापडल्या, दुरुस्त झाल्या. ज्या आराखड्यावरून गाड्या धावल्या आहेत तोच घ्या आणि त्याला हात लावू नका.

ओम्नीबद्दलही सांगतो. तिच्यात ड्रायव्हर इंजिनाच्या वर आणि पुढे बसतो. सेव्हनमध्ये तो गिअरबॉक्सच्या बाजूला, इंजिनाच्या मागे. म्हणजे गिअरची सगळी जोडणी उलटी करावी लागते. हे मला इंजिन बसवल्यावर कळलं. जिप्सीच्या गिअरबॉक्सवर लिव्हर थेट वर येतो, आणि तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगळा असल्याने काढून ठेवता येतो. महाग पडेल, पण १२९८ सीसीचं इंजिनही मिळेल.

फर्मागुडी मेकॅनिकल
लाल माती दादा, आराखड्याला हात लावू नका हे तुम्हीच म्हणता आणि जिप्सीचं इंजिनही सुचवता. आराखडा एस्कॉर्टसाठी आहे. ओम्नी असो की जिप्सी, इंजिन माउंट, बोगदा, अ‍ॅक्सलच्या आर्मचे ब्रॅकेट बदलणारच. ब्रॅकेट १० मिलिमीटर सरकला की चाक वर-खाली होताना गाडी स्वतःहून वळायला लागते. तिथे कारागीर आणि पुस्तक दोघेही गप्प होतात आणि गणित करावं लागतं.

आम्ही कॉलेजात विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधली. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांची नियमावली सगळ्यांना वाचता येते, आणि मला विचाराल तर घरी बांधणाऱ्यासाठी तिच्याएवढं भरवशाचं काही नाही. गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या, डोक्यामागच्या मुख्य कमानीला गोल स्टील पाईप २५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा, हे तिथलं किमान माप. आमची गाडी अडीचशे किलोचीही नव्हती. तुमची दुप्पट जड असेल, म्हणून तुम्हाला त्याहून भक्कम कमान लागेल. शेडचा फॅब्रिकेटर हौसेने क्रोम केलेला पाईप लावून देईल, त्याला नाही म्हणा.

तिथल्या तपासणीतल्या दोन चाचण्या तुम्हीही करा. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. आणि गाडी ६० अंशात तिरकी केल्यावर पेट्रोल, ऑइल, काहीही गळता कामा नये. या चाचणीत आमची गाडी पहिल्या वर्षी टाकीच्या झाकणावर नापास झाली. इंजिनाच्या कौतुकात असलेल्या आम्हा कोणाचंच झाकणाकडे लक्ष गेलं नव्हतं.

पणजी ०७
फर्मागुडी ताईंचं म्हणणं मी मानतो, पण मूळ विरोध कायम. कॉलेजच्या गाडीला तपासणारा तिसरा माणूस असतो, ज्याला तुमचं मन राखायचं नसतं. घरच्या शेडमध्ये बांधणारा, तपासणारा आणि चालवणारा एकच. बागायतीतल्या रस्त्याला दोन्ही बाजूंना माड आहेत. वाहतूक खातं तिथे येणार नाही, तरी माड तिथेच असतील.

बांदोड्याची शेड
हे लागलं. मी सुरुवातीला लिहिलं की हाताने काम केलेल्याचा सल्ला मोठा. आता तसं लिहिणार नाही. सल्ला देणाऱ्याने ते काम याच मापावर केलंय का आणि ते मोडून बघायची त्याची तयारी आहे का, हे आधी विचारीन. टिपरची चाकं यांनी स्वतःच्या तुकड्याबद्दल लिहिलं, तसं त्या तीन जाणकारांपैकी कोणी म्हटलं असतं का, माहीत नाही.

माणसांवरचा विश्वास मात्र सोडत नाही, लाल माती दादा. तुमच्या अर्ध्या चासीने मला गिअरच्या जोडणीचं जे सांगितलं ते आराखड्यात नव्हतं. ती बघायला येऊ का? ओम्नी अजून विकत घेतलेली नाही. आधी गिअरबॉक्स जमिनीवर ठेवून, सीट त्याच्या बाजूला मांडून बसून बघतो. न पटल्यास जिप्सी, आणि मग पैसे जमेपर्यंत थांबणं आलं.

पणजी ०७, बागायतीत आधी फक्त ढकलत आणि पहिल्या गिअरमध्ये. वेग कोइम्बतूरला, तिथल्या तपासणीनंतरच. तरी तुम्ही विरोधातच राहा, प्रत्येक टप्प्याला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

लाल माती, डिचोली
रविवारी या. टेप आणा, कर्ण तुम्हीच मोजा. आराखड्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

टिपरची चाकं
डिचोलीला येताच आहात तर वाटेत माझ्याकडे थांबा. तुकडे १६ गेजचेच आणा, गेटच्या दुकानातला उरलेला पाईप नको. सीओटूचं मशीन भाच्याकडे आहे, त्याला बोलावून ठेवतो. जोड तो करील आणि हातोडा तुम्ही मारा.