अंदमान: बाराटांगला जावं की टाळावं?

खडीसाखर
डिसेंबरात आईबाबा, मी आणि आठ वर्षांची लेक, सहा दिवस अंदमान. सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील ठरलंय. (२०१८ पासून स्वराज द्वीप नि शहीद द्वीप, पण टूरवाला अजून जुनीच नावं घेतो.) तो म्हणतो, एक दिवस बाराटांग बेटाला द्याच. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. मला ते बरं वाटत नाहीये. त्यापेक्षा नीलवर एक मुक्काम वाढवू का?

उंडगा
जा बिनधास्त! गुहा राहू देत, खरी मजा बोटीत आहे. खाडी अरुंद होत जाते, दोन्हीकडची खारफुटी डोक्यावर मिटते आणि पाणी हिरवंकाळं. पुढे थोडं चालून चुनखडीच्या गुहा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात असलं काही घडत नाही. चिखलाचा ज्वालामुखी मात्र सोडा, कुणीतरी सिमेंट कालवून विसरून गेल्यासारखा दिसतो.

भटकी_चिमणी
उंडगा, खारफुटी बघायला माणसांच्या अंगणातून गाड्यांचा ताफा न्यायचा? मी गेले होते. जिरकाटांगच्या नाक्यापासून आमच्या गाडीत एकच प्रश्न: "दिसले का?" फोटोला बंदी, थांबायला बंदी, तरी माना खिडकीबाहेर. लाज वाटली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच जंगलातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. जारवा बाहेरच्यांच्या संपर्कात यायला लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. सगळे मिळून काही शे माणसं ती.

उंडगा
मान्य, माना वळवणाऱ्यांना दंड करा. पण रंगत, मायाबंदर या पुढच्या गावांतली माणसं दवाखान्याला याच रस्त्याने येतात. खडीसाखर गेली नाही म्हणून रस्ता थोडाच बंद होणार?

भटकी_चिमणी
त्यांची गरज आहे, आपली हौस. दोन्ही एका मापाने कशी मोजतोस?

सुकट_बोंबील
तुमचं भांडण चालू द्या. खडीसाखर, बाबांचे गुडघे कसे आहेत? बाराटांगला पहाटे अंधारात निघावं लागतं, ताफा चुकला की पुढच्याची वाट बघत बसा. तिकडे डिसेंबरात पाचलाच सूर्य मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं किती पूर्वेला! आठ वर्षांचं पोर परतीला गाडीत किरकिरणार म्हणजे किरकिरणार.
नीलला नैसर्गिक पुलापाशी ओहोटीलाच जा, भरतीत नुसता वळसा पडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी चांगलं मागे हटतं, तेव्हा डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, रंगीत मासे. लेकीला पट्ट्यांची सँडल घाल, मेलेल्या प्रवाळाची धार पाय कापते. हात कशालाच लावू देऊ नकोस. आजी-आजोबांना भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीत बसव.

उंडगा
नीलच्या पुलावर फोटोसाठी रांगेत उभी राहिलीस की माझी खारफुटी आठव.

खडीसाखर
आठवेन! बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मला जेल दिवसाही बघायची आहे आणि रात्री तो ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रमही, बाकी तुमचं तुम्ही ठरवा." बाराटांग रद्द, नीलला दोन रात्री. टूरवाल्याला कालच कळवलं. आज सकाळी त्याने गुहेचे अजून चार फोटो पाठवलेत.