‘लोखंडी वाडगा’ आणि ‘काठाला लागणे’: चिनी सरकारी नोकरीचे शब्द मराठीत कसे आणावेत?

धागाकर्ती:
चीनमधली शिकलेली शहरी पोरं सरकारी नोकरीमागे का लागलीत, यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि शब्दांपाशी अडलेय. पहिला ‘थिए-फान-वान’, म्हणजे कायमची नोकरी. शब्दशः लोखंड, भात, वाडगा. ‘लोखंडी भाताचा वाडगा’ लिहिलं तर भातच लोखंडाचा होतो. ‘भाताचा लोखंडी वाडगा’ व्याकरणात बसतो, पण आपल्याकडे हातात वाडगा येतो तो नोकरी गेल्यावर! दुसरा ‘शांग-आन’, काठावर चढणे. सरकारी परीक्षा पास झालेल्याला तसं म्हणतात. सुचवा काहीतरी.

पोटभाडेकरू:
वाडगा लोखंडाचा का, ते आधी बघा. चिनी मातीचा फुटतो, लोखंडाचा फुटत नाही. कुणाची नोकरी घालवणं म्हणजे त्याचा ‘वाडगा फोडणं’. आपण अशा वेळी ‘पोटावर पाय आणला’ म्हणतो. मला ‘न फुटणारी भाकरी’ वगैरे खटाटोप नको वाटतो. एकदा ‘लोखंडी वाडगा’ लिहा, शेजारी ‘पक्की नोकरी’, की वाचक पुढे आपला आपण चालतो.

पण या शब्दाचा वास बदललाय, तो लेखात यायला हवा. आर्थिक सुधारणांच्या काळात ‘लोखंडी वाडगा फोडा’ ही चक्क घोषणा होती. काम करो न करो, पगार ठरलेला, असा त्यात टोमणा होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारी कारखान्यांतल्या कोट्यवधी कामगारांचे वाडगे खरंच फुटले. आज त्याच शब्दाला नातवंडं हात जोडतात.

ओसरी:
ताई, ‘शांग-आन’ला त्याच्या जोडीदाराशिवाय हात लावू नका. तो ‘श्या-हाय’, समुद्रात उतरणे. पूर्वी हौशी नट पोटासाठी रंगभूमीवर उतरला की हा शब्द वापरत. मग आर्थिक सुधारणा आणणारे चिनी नेते तंग श्यावफिंग (डेंग झियाओपिंग) यांच्या 1992च्या दक्षिण दौऱ्यानंतर सरकारी नोकरी सोडून धंद्यात पडणाऱ्यांसाठी तो सर्रास झाला.

मी ग्वांगचौला राहत होते तेव्हाची घरमालकीण 1993 साली अशीच समुद्रात उतरली होती. कापडबाजारात बटणांचा गाळा, हाताला कायम पितळेचा वास. तिची मुलगी चांगली इंजिनीअर, सॉफ्टवेअर कंपनीत. रात्री दहाला घरी यायची आणि जेवणाच्या टेबलावर ‘शेन-लुन’चा सराव करायची. हा सरकारी परीक्षेतला निबंधाचा पेपर. दिलेला मजकूर वाचून अधिकाऱ्याच्या भाषेत उपाय लिहायचे. आई बटणं मोजायची, मुलगी ‘ग्रामीण पुनरुज्जीवना’वर मुद्दे काढायची. आईनं ज्या काठावरून उडी मारली, त्याच काठाकडे मुलगी पोहत निघालेली. मला तरी यापेक्षा चांगला शब्दार्थ देता येणार नाही.

(या परीक्षेच्या तयारीला ‘खाओ-कुंग’ म्हणतात. यातल्या ‘खाओ’चा खाण्याशी संबंध नाही, त्याचा अर्थ परीक्षा देणे. भाताच्या वाडग्यासाठी असली तरी.)

रांगेतला:
मी पुण्यात चार वर्षं अभ्यासिकेत काढलीत, म्हणून सांगतो. आमच्यात ‘पोस्ट निघाली’ म्हणतात. घरचे म्हणतात ‘चिकटला एकदाचा’. पण दोन्हींत पाणी नाही. ‘काठाला लागला’ बरोबर आहे, बुडण्याची भीती त्यात येते.

धागाकर्ती:
पण इंजिनीअरला बुडण्याची भीती कसली? शहरातली, एकुलती, पगार बरा. संपादक हेच विचारणार.

ओसरी:
पस्तिशीची. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींत ‘वय 35च्या आत’ सर्रास असतं, आणि कपात आली की त्याच वयाचे आधी जातात. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, एवढं राबून पस्तिशीत बाहेर. जुलै 2021मध्ये सरकारनं खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले, तेव्हा पदवीधरांचं एक मोठं क्षेत्र जवळजवळ एका रात्रीत बसलं. जून 2023मध्ये शहरांतल्या 16 ते 24 वयोगटाची बेरोजगारी 21.3 टक्के निघाली, आणि मग काही महिने तो आकडा छापणंच थांबवलं. नोव्हेंबर 2025च्या केंद्रीय परीक्षेला सुमारे 38,100 जागांसाठी 37 लाख 18 हजार अर्ज पात्र ठरले. एका जागेमागे 98 जण. गंमत म्हणजे सरकारी परीक्षेलाही 35ची अट होती. ती याच परीक्षेपासून 38 झाली.

आणि लग्न. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये आईबाप उघड्या छत्र्यांवर मुलामुलींची माहिती लावून बसतात. तिथे ‘थी-च-नेइ’, म्हणजे ‘व्यवस्थेच्या आतला’, एवढ्या शब्दानं छत्रीपुढे गर्दी होते. पगार नंतर विचारतात. वाडग्यातला भात आटलाय, काही ठिकाणी भत्ते कापलेत, पण वाडगा आहे ना!

पोटभाडेकरू:
एक राहिला, ‘प्येन-च’. मंजूर पदसंख्येतली जागा. यातल्या ‘प्येन’चा मूळ अर्थ विणणे. मंत्रालयात बरोबर हाच शब्द बसलेला आहे, ‘आकृतिबंध’. एकाच कचेरीत दोघं शेजारी बसतात, काम तेच. एक आकृतिबंधातला, दुसरा कंत्राटी. तिकडच्या पोरांची थट्टेची म्हण आहे, ‘विश्वाच्या टोकाला प्येन-च असतो.’

रांगेतला:
विश्वाच्या टोकाला आकृतिबंध! हे अभ्यासिकेच्या भिंतीवर लावायला हवं.

धागाकर्ती:
‘आकृतिबंध’ घेतला, ‘काठाला लागला’ही घेतला. शेवटची शंका. नव्वदीतल्या त्या कामगारांना ‘श्या-कांग’ म्हणत, पदावरून खाली उतरलेले. बडतर्फ नाही, बेकारही नाही. नाव कारखान्याच्या पटावर, हाती थोडा निर्वाहभत्ता. याला काय लिहू?

पोटभाडेकरू:
गिरणगावात म्हणायचे तेच लिहा: कामावरून कमी केलं.